उसनी चाल

राजकारणात गाणे असावे की नसावे, विनोद असावा की नसावा, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे आणि त्याचे उत्तरही महाराष्ट्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जेथे पोवाड्याने लोकांस इतिहास शिकविला आणि कीर्तनाने धर्म व नीती घरोघर पोहोचविली, तेथे गंभीर विषय रंजक वेषात आला म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार कोणासही उरत नाही. परंतु अलीकडे एक निराळा प्रश्न उभा राहिला आहे. समाजमाध्यमांवर एखादे गाणे, एखादा हावभाव अथवा एखादे वाक्य दोन-चार दिवसांत लाखो लोकांच्या तोंडी होते; जो तो त्याच तालावर आपली चित्रफीत काढतो; आठ-पंधरा दिवस त्याचा गजर चालतो आणि मग ते विरून जाते. यास ट्रेंड म्हणतात. या ट्रेंडात आता पुढारी उतरतात, पक्षांच्या प्रचारकचेऱ्या उतरतात, शासकीय खातीही उतरतात. लोकांशी बोलण्याची ही रीत नीतीच्या कसोटीस उतरते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ट्रेंड या शब्दास मराठीत एक जवळचा प्रतिशब्द आहे, तो म्हणजे 'चाल'. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांस आठवेल की, पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा निर्देश छापलेला असे. नाटककार शब्द आपले लिही, चाल लोकांच्या ओठांवरची घेई. यात लपवाछपवी नव्हती. ओळखीच्या सुरावर अनोळखी अर्थ कानात सहज शिरतो, एवढाच त्यातला हेतू. आजची रील हेच करते. आरंभी तिला पंधरा सेकंदांची मर्यादा होती, ती पुढे वाढली, इतकेच. तेव्हा चाल उसनी घेणे हा अपराध मानावयाचा, तर किर्लोस्करांपासून सर्वांवरच आरोप ठेवावा लागेल.

राजकारणाने तर ही उसनवारी उघड उघड केली आहे. १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक रूपास आला आणि त्याच्या पाठोपाठ मेळे आले. मेळ्यांतील पोरे नाटकी पदांच्या चालींवर स्वदेशीची आणि परवशतेची गाणी म्हणत. तिकडे सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला. त्यात गणपतीच्या गणाऐवजी नवे नमन आले आणि सोंगाड्याच्या तोंडून भिक्षुकशाहीची झडती होऊ लागली. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदाने भरून टाकली. हा वारसा सर्वस्वी निर्दोष होता असेही नव्हे. आरंभीच्या काही मेळ्यांतील पदांनी हिंदु-मुसलमानांतील तेढ वाढविली, आणि पुढे १९२०च्या दशकात पुण्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या भरात मेळ्यांतून एकमेकांची यथेच्छ निंदाही झाली. म्हणजे लोकप्रिय चाल ही पूर्वीही दुधारी होती. तिचे गुणदोष चालीत नव्हते. चालीतून जे म्हटले जाई त्यात होते.

आमच्या रत्नागिरीकडे याचा आणखी एक नमुना आहे. गणपतीच्या दिवसांत आणि पुढेही वाड्यावाड्यांतून जाखडी नाचते. तिच्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. एक प्रकृतीस श्रेष्ठ मानतो, दुसरा पुरुषास. एका शाहिराने सवाल टाकला की दुसऱ्याने त्याचा जवाब दिलाच पाहिजे. जवाब न देता नुसती ढोलकी वाजवून वेळ काढणाऱ्या शाहिराची मंडळी गय करीत नाहीत. आज या शाहिरांच्या चालीही पुष्कळदा सिनेमातून उचललेल्या असतात. पण चाल सिनेमाची असली तरी सवाल सवालच राहतो आणि तो अंगावर घ्यावाच लागतो. अडाणी म्हणून ज्या कलेकडे शहरी माणूस पाहतो, तिने वादाचा एक मोठा नियम असा पाळला आहे. बोलणाऱ्यास ऐकावेही लागते, हा तो नियम.

यावरून मला एक साधी परीक्षा सुचते. राजकीय चित्रफीत पाहिल्यावर तिची चाल मनाने बाजूस काढावी, आणि मागे काय उरते ते पाहावे. मागे एखादे असे वाक्य उरते काय, की ज्यास कोणी 'हे खरे' अथवा 'हे खोटे' म्हणू शकेल? आणि त्या वाक्याची जबाबदारी घेणारा कोणी वक्ता उरतो काय? वाक्य आणि वक्ता ही दोन्ही उरत असतील, तर चाल कितीही उथळ असो, ते राजकीय भाषण आहे. दोन्ही उरत नसतील, तर ते कितीही मोहक असले तरी भाषण नव्हे. ती केवळ उपस्थिती आहे. आता ही परीक्षा आपल्याच प्रांतातील तीन प्रसंगांस लावून पाहू.

पहिला प्रसंग २०१७ च्या जुलै महिन्यातला. 'सोनू' नावाच्या एका गाण्याची चाल तेव्हा महाराष्ट्रभर पसरली होती. शाळा-महाविद्यालयांच्या पोरांपासून कचेरीतल्या कारकुनांपर्यंत सर्वांनी तिच्यावर आपापल्या चित्रफिती काढल्या. मुंबईतील आकाशवाणी-निवेदिका मलिष्का हिने तीच चाल घेऊन शहरातील खड्डे आणि पावसाळ्यातील दुर्दशा यांवरून महानगरपालिकेस टोमणे मारले. चाल बाजूस काढली तरी मागे एक स्वच्छ वाक्य उरत होते. रस्ते वाईट आहेत आणि त्यांची जबाबदारी अमुक संस्थेची आहे, हे ते वाक्य. बोलणारी व्यक्ती नावानिशी समोर होती. म्हणजे सवाल पुरा होता. जवाब मात्र कसा आला? सत्ताधारी पक्षाच्या मंडळींनी त्याच चालीवर उलट गाणे काढले. पाचशे कोटींच्या अब्रुनुकसानीची भाषा झाली. आणि तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून पालिकेची नोटीस गेली. खड्ड्यांचा सवाल होता तेथेच राहिला. येथे एक गोष्ट ध्यानात येते. चालीस चालीने उत्तर दिले की प्रेक्षकास झुंज रंगल्याचा आनंद मिळतो, आणि जवाब दिलाच गेला नाही हे त्या आनंदात विसरले जाते.

दुसरा प्रसंग २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचा. राज ठाकरे यांच्या पक्षाने त्या निवडणुकीत एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी त्यांच्या सभांस गर्दी लोटली. भाषणाच्या मध्येच ते पडद्याकडे हात करून 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत, आणि पडद्यावर सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे, त्यांच्या जाहिराती, आणि त्यांच्याशी विसंगत अशी वस्तुस्थिती दिसे. मेळघाटातील हरिसाल या 'डिजिटल गावा'च्या जाहिरातीची त्यांनी केलेली चिरफाड पुष्कळांच्या स्मरणात असेल. ही चित्रफीत न्यायालयातील पुराव्यासारखी होती. आधी विधान, मग प्रमाण, आणि विधान करणारा प्रत्यक्ष व्यासपीठावर उभा. म्हणूनच तिला जवाब देणे शक्य झाले. भाजपाच्या वतीने आशिष शेलार यांनी मुंबईत सभा घेऊन उलट चित्रफिती दाखविल्या. कोणाची बाजू खरी, हे येथे ठरवावयाचे नाही. शक्ती-तुऱ्याचा नियम पाळला गेला, इतकेच सांगावयाचे आहे. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४१ जागा भाजपा-शिवसेना युतीस मिळाल्या, म्हणजे या व्हिडिओंनी निकाल फिरविला असे म्हणता येत नाही. परंतु भाषणाची नैतिक योग्यता मतांच्या मोजणीवर अवलंबून नसते. पुढे गंमत अशी झाली की, ते चार शब्दच तेवढे लोकांच्या तोंडी उरले. लग्नसमारंभापासून क्रिकेटपर्यंत कोठेही ते वापरले जाऊ लागले. पुरावा विस्मरणात गेला आणि चाल शिल्लक राहिली.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. २०२२ च्या जून महिन्यात शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्यासमवेत प्रथम सुरतेस आणि तेथून गुवाहाटीस गेले. त्यांतील सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर झालेले संभाषण बाहेर फुटले. गुवाहाटीचे वर्णन करताना त्यांनी 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' असे अस्सल माणदेशी उद्गार काढले होते. दोन दिवसांत त्यांची गाणी झाली, नाच झाले, सदऱ्यांवर ती अक्षरे छापली गेली. ही चाल कोणी मुद्दाम रचली नव्हती, हे खरे. आणि त्या उद्गारांतला ग्रामीण गोडवाही खरा. पण त्याच आठवड्यात राज्यापुढे केवढा प्रश्न उभा होता! एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या प्रतिनिधीने मतदारांस न विचारता राजकीय निष्ठा बदलावी काय? १९८५ मध्ये राज्यघटनेस जोडलेल्या दहाव्या परिशिष्टाचा अर्थ काय? २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे यांचा शपथविधी झाला. त्या घटनांची घटनात्मक छाननी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने केली, तिचा निकाल ११ मे २०२३ रोजी लागला. न्यायालयास दहा महिने पुरले नाहीत असा हा प्रश्न; आणि आपण सर्वांनी तो दहा सेकंदांच्या तालात बसवून टाकला. बंडाचे समर्थक ती चाल कौतुकाने म्हणत होते, विरोधक उपहासाने म्हणत होते. पण म्हणत होते दोघेही तेच. चाल काढून पाहिली तर मागे झाडी उरते, डोंगर उरतो, हॉटेल उरते. वाक्य उरत नाही.

या तीन प्रसंगांतून जो फरक दिसतो तो नीट ओळखला पाहिजे. असत्य भाषण हा राजकारणातील जुना रोग आहे आणि त्यावर जुनी औषधेही आहेत. खोट्या विधानाचे खंडन करता येते. परंतु जो पुढारी काही विधानच करीत नाही, केवळ चालत्या चालीवर मान डोलावतो, त्याचे खंडन कशाचे करावयाचे? जे म्हटलेच नाही ते खोटे कसे ठरवावयाचे? नाचास 'हे असत्य आहे' असे म्हणता येत नाही. तेव्हा चालीचा आश्रय करणारा पुढारी खोटे बोलत नाही, हीच त्याची सोय. तो खऱ्या-खोट्याच्या न्यायकक्षेबाहेर जाऊन उभा राहतो आणि तेथून मते मागतो.

त्यातच या माध्यमांची रचना त्यास साहाय्य करते. तेथे कोणती चित्रफीत कोणापुढे ठेवावयाची हे यंत्र ठरविते, आणि ती पाहणारा किती वेळ खिळून राहिला, त्याने ती पुढे किती जणांस धाडली, यावरून ठरविते. संतापाने पुढे धाडलेली चित्रफीत आणि प्रेमाने धाडलेली चित्रफीत यांचे वजन यंत्राच्या तराजूत जवळजवळ सारखेच. सभेत श्रोता उठून गेला अथवा त्याने हुर्यो केली तर वक्त्यास ते कळते. येथे हुर्योचीही टाळीच होते. शिवाय सभेतील श्रोते एकत्र बसलेले असतात, शेजाऱ्याने काय ऐकले हे आपणांस ठाऊक असते. या यंत्रापुढे प्रत्येक जण एकटा असतो. माझ्या पडद्यावर पुढारी शेतकऱ्याच्या वेषात आला आणि शेजाऱ्याच्या पडद्यावर योद्ध्याच्या वेषात, तर आम्हां दोघांस ताडून पाहण्याची संधीच मिळत नाही.

हा विचार केवळ आपल्या प्रांतापुरता नाही. इंडोनेशियात २०२४ च्या फेब्रुवारीत प्राबोवो सुबियांतो अध्यक्षपदी निवडून आले. हे गृहस्थ एके काळचे सेनाधिकारी. लोकशाहीवादी कार्यकर्त्यांच्या अपहरणप्रकरणी १९९८ साली त्यांस सैन्यातून दूर करण्यात आले होते. निवडणुकीत मात्र तरुण मतदारांपुढे ते गोंडस, गुबगुबीत आजोबांच्या रूपात आले. सभांत त्यांनी केलेला बेंगरूळ नाच टिकटॉकवर घरोघर गेला. त्यांच्या विजयास इतरही कारणे होती आणि लोकांनी दिलेला कौल मानलाच पाहिजे. परंतु १९९८ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा लक्षावधी मतदारांनी विचारावयाचा प्रश्न त्या नाचाने विचारण्यापूर्वीच विरघळवून टाकला, ही गोष्ट नाकारता येणार नाही. आपल्याकडे टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली. पण लागलीच इन्स्टाग्रामची रील आली, म्हणजे भांडे बदलले, पाणी तेच राहिले.

आता वक्त्याविषयी. या रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांवर १८९७ साली जो राजद्रोहाचा खटला झाला, त्यातील आक्षेपार्ह मजकुरात 'केसरी'ने छापलेल्या एका कवितेचाही समावेश होता. शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली ती पद्यरचना होती. उत्सवाचा वृत्तांत आणि कविता, म्हणजे आजच्या भाषेत लोकप्रिय साचाच. पण तिचे शब्द असे होते की सरकारास त्यांचा अर्थ लावता आला, आणि संपादक असा होता की 'हे माझे नव्हे' म्हणून तो पळाला नाही. त्यास अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा अन्यायाची होती. परंतु शब्दास धनी असतो, हे तत्त्व तिच्यातून उजळून निघाले. आपला कायदाही हे तत्त्व मानतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता असावाच लागतो. निवडणूक आयोगाने २०१३ पासून उमेदवारांस आपली समाजमाध्यमांवरील खाती जाहीर करावयास लावली आहेत. पण कोणा 'चाहत्या'च्या नावाने निघालेली, हजारांनी नक्कल केलेली रील या जाळ्यातून सहज निसटू शकते. भिंतीवरच्या चिटोऱ्यास धनी लागतो. लाखो डोळ्यांपुढून गेलेल्या चालीस मात्र धनी नसला तरी चालते. याच जिल्ह्यात राजापूर येथे, तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी स्वतःच्या नावाने लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना २०२३ च्या फेब्रुवारीत मोटारीखाली चिरडण्यात आले आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. नाव घालून बोलण्याची किंमत काही माणसे अद्याप अशी मोजतात, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस बिननावी चालीचे कौतुक जपूनच वाटेल.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सामान्य माणसास दीर्घ भाषणे ऐकण्यास सवड नाही. पुढारी चालीवर आला नाही तर प्रतिस्पर्धी येईल, आणि सज्जन मागे पडेल. हा आक्षेप प्लेटोच्या काळाइतका जुना आहे. 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटीस वक्तृत्वाची तुलना पाककलेशी करतो आणि म्हणतो की, मुलांच्या पंचायतीपुढे वैद्यावर आचाऱ्याने फिर्याद केली तर वैद्य हरणारच. पण आपल्या आजीबाईंनी या कोड्याचे उत्तर केव्हाच शोधले आहे. त्या कडू औषध गुळातून देत. गुळास आमचा विरोध नाही. वैद्याने गूळ अवश्य वापरावा. मात्र पुडीत औषधच नसेल, तर त्यास वैद्य म्हणू नये आणि त्याने नाडी पाहण्याची फी घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्यांच्या हाती वृत्तपत्र नाही, सभागृह नाही, त्यांस ही चित्रफीतच वाचा देते. २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर माती-परीक्षणास विरोध करण्यासाठी गावच्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या; हे दृश्य कोकणाबाहेरच्या जगाने हातातल्या दूरध्वनीवरच पाहिले. प्रकल्प हवा की नको याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात, परंतु त्या बायकांस ऐकू येईल असा आवाज चित्रफितीने दिला हे निर्विवाद. पण हा आक्षेप आमच्या परीक्षेस बाधक नसून पोषकच आहे. तेथे चाल नव्हतीच, साक्ष होती. स्थळ ठाऊक, दिवस ठाऊक, माणसे ओळखीची, आणि म्हणणे एका वाक्यात सांगता येण्याजोगे. उलट, मुंबई-गोवा महामार्गाचे पाहा. २०११ साली सुरू झालेले रुंदीकरण बारा वर्षे उलटली तरी पुरे झाले नव्हते. दर गणपतीस खड्ड्यांवर विनोदी रिली निघत, आम्ही त्या पाहून हसत असू आणि एकमेकांस धाडीत असू. संताप हा लोकशाहीचा दारूगोळा आहे. तो फुलबाज्यांत उडवून टाकला की तोफेत भरावयास काही उरत नाही.

मग करावे काय? बंदी हा उपाय नव्हे. 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी घातली गेली, तिने ते नाटक मेले नाही, बंदी घालणारेच गेले. कर्तव्य तीन पक्षांचे आहे. पुढाऱ्याने चाल अवश्य घ्यावी, पण तिच्यात एक तरी वाक्य असे घालावे की ज्याबद्दल त्यास उद्या जाब विचारता येईल, आणि त्याखाली आपले नाव घालावे. विरोधकाने त्याच चालीवर नाचण्याचा मोह आवरून त्या वाक्यास जवाब द्यावा. आणि शिक्षकाने विद्यार्थ्यास ही माध्यमे सोडण्याचा निष्फळ उपदेश न करता, चाल सोडवून वाक्य शोधण्याची सवय लावावी. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. म्हणजे आमच्या वर्गातील दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसलेला प्रत्येक जण राज्याचा धनी आहे. कवितेचे वृत्त बाजूस ठेवून अर्थ लिहावयास आम्ही त्यास पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो. तेच कौशल्य आता मतदानकेंद्राच्या दारापर्यंत न्यावयाचे आहे.

हे कौशल्य आले नाही तर हानी कोणाची होईल? पुढाऱ्याची होईलच, कारण जो दर आठवड्यास दुसऱ्याने ठरविलेल्या चालीवर नाचतो, तो हळूहळू लोकांस वळण लावण्याचे सोडून लोकांच्या करमणुकीचा चाकर होतो, आणि ज्या कामास वीस वर्षे लागतात ते काम त्याच्या हातून कधी सुरूच होत नाही. परंतु मोठी हानी मतदाराची. प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क कोणी हिरावून घेत नाही. त्यास प्रश्न सुचतच नाही, इतकेच होते. हिरावलेला हक्क परत मिळविण्यासाठी माणसे लढतात. न सुचलेल्या प्रश्नासाठी कोणी लढल्याचे इतिहासात नमूद नाही.